'चीता'चे शेपूट

भारतीय लष्कराचे 'चीता' हेलिकॉप्टर जवळून पाहिले, की एक गोष्ट लगेच लक्षात येते. या यंत्राने काहीच झाकून ठेवलेले नाही. पुढे गोलाकार पारदर्शक केबिन, तिच्या मागे इंधनाची टाकी, टाकीच्या वर कुठलेही आवरण नसलेले टर्बाइन इंजिन, आणि मागे पोलादी नळ्यांचे जाळीदार शेपूट. शेपटातून पलीकडचे आभाळ दिसते. मागच्या छोट्या रोटरला फिरवणारा लांब दांडा आणि त्याला जागोजाग आधार देणारी बेअरिंग, सगळे उघड्यावर. हेलिकॉप्टर कसे चालते हे समजून घ्यायला यापेक्षा सोयीचे यंत्र नाही. मात्र त्याची छोटी प्रतिकृती करायची म्हटली, तर हीच सोय अंगाशी येते. दिसते ते सगळे घडवावे लागते, आणि बाजारातले तयार किट अर्ध्या वाटेवर साथ सोडते.

किटमधला एखादा भाग बाजूला ठेवून तोच भाग प्लास्टिकची शीट, पितळी नळी, तांब्याची तार, पुट्टी असल्या कच्च्या मालातून स्वतः घडवणे, याला मॉडेल करणाऱ्यांच्या जगात स्क्रॅच-बिल्डिंग म्हणतात. काही जण आख्खे मॉडेलच असे उभे करतात. बहुतेक जण मात्र किटचा पाया घेतात आणि जिथे तो कमी पडतो तिथे हाताने केलेले भाग बसवतात. हेलिकॉप्टरच्या बाबतीत असे कमी पडणारे भाग पुष्कळ.

किट कुठे कमी पडते?

किटचे भाग इंजेक्शन मोल्डिंगने होतात. वितळलेले पॉलिस्टायरीन दाबाने पोलादी साच्यात भरतात, ते थंड झाले की साच्याचे दोन भाग उघडतात आणि भाग बाहेर येतो. या पद्धतीच्या मर्यादा ठरलेल्या आहेत. भिंत फार पातळ ठेवली तर प्लास्टिक साच्याच्या टोकापर्यंत पोहोचण्याआधीच थिजते. आत वळलेला किंवा अडकणारा आकार असेल, तर तो साध्या साच्यातून सुटत नाही. आणि प्रत्येक गोल दांड्याच्या दोन्ही बाजूंना साच्याच्या जोडाची बारीक रेघ राहतेच.

आता हिशेब करू. 1:48 या प्रमाणात किटमधली 1 मिलिमीटर जाडीची भिंत म्हणजे खऱ्या यंत्रावर 48 मिलिमीटर, म्हणजे जवळपास पाच सेंटिमीटर जाडीचा पत्रा! खरा पत्रा 1 मिलिमीटरचा असेल, तर मॉडेलवर तो 0.02 मिलिमीटरचा हवा. विमानाच्या मॉडेलमध्ये हे खपून जाते, कारण पत्र्याची कड फारशी कुठे दिसत नाही. हेलिकॉप्टरवर कडाच कडा असतात: दारांच्या, पात्यांच्या, कंसांच्या, पायऱ्यांच्या. 'चीता'च्या शेपटाची जाळी प्लास्टिकमध्ये ओतायची तर नळ्या जाडच ठेवाव्या लागतात. त्यांवरची साच्याची रेघ खरवडायला जावे, तर नळी मोडून हातात येते. म्हणून बहुतेक लोक हातकामाची सुरुवात शेपटापासून करतात.

आधी यंत्र वाचायचे

'चीता'चा इतिहास मॉडेल करणाऱ्याला थेट उपयोगी पडतो. फ्रान्सच्या 'अलूएट-2' या हेलिकॉप्टरने 1955 साली पहिले उड्डाण केले. टर्बाइन इंजिनावर चालणारे आणि मोठ्या संख्येने बनलेले हे पहिले हेलिकॉप्टर. त्यानंतर 1959 मध्ये आले आकाराने मोठे 'अलूएट-3', ज्याची भारतीय आवृत्ती म्हणजे आपले 'चेतक'. हिमालयात, विरळ हवेत काम करू शकेल असे हलके हेलिकॉप्टर भारतीय सैन्यदलांना हवे होते. त्या गरजेपोटी फ्रेंच अभियंत्यांनी 1960च्या दशकाच्या शेवटी एक सरळ उपाय काढला. 'अलूएट-2'चा हलका सांगाडा मजबूत केला आणि त्यावर 'अलूएट-3'चे ताकदवान आर्टूस्ट इंजिन आणि रोटर चढवला. या एसए 315बी 'लामा'चे पहिले उड्डाण 17 मार्च 1969 रोजी झाले. त्याच वर्षी हिमालयातल्या चाचण्यांत दोन जणांसह ते 7,500 मीटर उंचीवर उतरले आणि तिथून पुन्हा उडाले. पुढे बेंगळुरूच्या हिंदुस्तान एरोनॉटिक्सने परवान्याखाली त्याचे उत्पादन सुरू केले आणि भारतात त्याचे नाव पडले 'चीता'.

म्हणजे मूळ यंत्रच दोन यंत्रांचे भाग एकत्र करून झाले आहे. मॉडेल करणाऱ्यालाही तोच रस्ता मोकळा आहे: सांगाडा एका किटचा, रोटर आणि इंजिन दुसऱ्याचे. पण कुठला भाग कुठून आला हे ठाऊक नसेल, तर 'अलूएट-2'चे मूळ छोटे इंजिन 'चीता'वर बसते आणि जाणकाराला ते लांबूनच खटकते. पुढे काही 'चीता' हेलिकॉप्टरांवर वेगळे इंजिन चढवून 'चीतल' ही आवृत्ती केली गेली. तिची पाठ वेगळी दिसते. तेव्हा पहिला प्रश्न असा: आपण नेमके कोणते हेलिकॉप्टर, कोणत्या काळातले करतो आहोत? एकच क्रमांक निवडावा, त्याच हेलिकॉप्टरचे फोटो जमवावेत आणि त्यांवरच विसंबावे. तयार आराखड्यांवर डोळे झाकून विश्वास टाकू नये. एकाच यंत्राचे दोन आराखडे शेजारी ठेवले तरी त्यांत फरक निघतो.

माप काढायची रीत सोपी आहे. रोटरचा व्यास 11.02 मीटर आणि धडाची लांबी सुमारे 10.2 मीटर, ही मापे पक्की. बरोबर बाजूने, लांबून काढलेला फोटो घ्यायचा. जवळून काढलेल्या फोटोत पुढचे मोठे आणि मागचे लहान दिसते, त्यामुळे तो मापाला निकामी. समजा छापील फोटोत धड 155 मिलिमीटर भरले. म्हणजे फोटोतला 1 मिलिमीटर हा खऱ्या यंत्रावर सुमारे 66 मिलिमीटर. फोटोत 6 मिलिमीटर दिसणारी एखादी पेटी प्रत्यक्षात 396 मिलिमीटरची, आणि 1:48 मध्ये ती सव्वाआठ मिलिमीटरची करायची. कॅलिपर, कॅल्क्युलेटर आणि वही एवढ्यावर हे काम भागते. मापे एकदा वहीत उतरली की हात चालू लागतो.

प्रमाण निवडतानाही हाच हिशेब करावा. 'चीता'चा रोटर 1:72 मध्ये 15 सेंटिमीटरचा होतो, 1:48 मध्ये 23 सेंटिमीटरचा आणि 1:32 मध्ये सुमारे 34 सेंटिमीटरचा. पहिल्यात बारकावे हाताला झेपत नाहीत, शेवटच्यात कपाटाला. 1:48 हा मधला मार्ग.

शेपटाची जाळी

जाळीसाठी पितळी दांडा सर्वांत चांगला. तो सरळ राहतो, सोल्डरने पक्का जोडला जातो आणि प्लास्टिकसारखा काही वर्षांनी वाकत नाही. खरी नळी 25 मिलिमीटर व्यासाची असेल, तर 1:48 मध्ये अर्धा मिलिमीटर दांडा लागतो.

बांधणीची रीत आपल्याकडे बांबूच्या काड्यांचा आकाशकंदील करणाऱ्या कुणालाही परकी वाटणार नाही. आधी एक बाजू सपाट जागेवर पूर्ण करायची, तशीच दुसरी, मग दोन्ही उभ्या धरून मधल्या आडव्या काड्यांनी जोडायच्या. फरक अचूकतेचा. आराखड्याची प्रत लाकडी फळीवर चिकटवायची, दांडे जागेवर धरायला दोन्ही बाजूंनी टाचण्या ठोकायच्या आणि प्रत्येक तिरकी नळी मापून कापायची. शेपूट मागे निमुळते होत जाते, म्हणून एकाच बाजूच्या कुठल्याही दोन तिरक्या नळ्या सारख्या लांबीच्या नसतात. एक कापून तिच्यावरून बाकीच्या कापू म्हटले, तर सगळी जाळी फसते.

नळीचे टोक सरळ कापून दुसऱ्या नळीला टेकवले, तर सपाट टोक गोल पृष्ठभागाला फार थोड्या जागी टेकते आणि जोड कच्चा राहतो. म्हणून टोकाला बारीक गोल कानशीने अर्धगोल खाच पाडायची. ती दुसऱ्या नळीवर नेमकी बसते. कारखान्यात खऱ्या नळ्या जोडतानाही हेच करतात.

सोल्डर करताना खरी अडचण उष्णतेची. साधे 60-40 कथील-शिसे 183 अंश सेल्सियसच्या आसपास मऊ होऊ लागते, आणि पितळ उष्णता झटकन पुढे नेते. म्हणजे नवा जोड करताना शेजारचा आधीचा जोड सुटायचा. उपाय दोन: शेजारच्या जोडावर ओल्या कागदाची घडी किंवा धातूची छोटी क्लिप ठेवायची, म्हणजे ती उष्णता शोषून घेते. आणि जोड आधी स्वच्छ घासून फ्लक्स लावायचा, म्हणजे कथील क्षणात पसरते आणि सोल्डरिंगची इस्त्री जास्त वेळ टेकवावी लागत नाही. वर उरलेले कथील कानशीने काढायचे, नाहीतर प्रत्येक सांध्यावर गाठ दिसते.

या नळ्या त्रिकोणांतच का जोडलेल्या असतात? चौकोन कोपऱ्यात ढकलला की तिरका होतो. त्रिकोणाच्या बाजूंची लांबी बदलल्याशिवाय त्याचा आकार बदलत नाही. मागचा रोटर शेपूट सतत एका बाजूला ओढत असतो, कारण मुख्य रोटर फिरताना धड उलट दिशेला फिरवू पाहतो आणि ते थांबवायचे असते. हा ताण कमीत कमी वजनात पेलायला ही जाळी आहे. हे कळले की एखादी तिरकी नळी चुकून उलट्या बाजूने लावली जात नाही. कारण कळलेला भाग सहसा चुकत नाही. स्क्रॅच-बिल्डिंगचे सगळे तंत्र या एका वाक्यात आहे.

केबिनची काच

'चीता'ची केबिन जवळजवळ सगळीच पारदर्शक, म्हणून ती जाड किंवा डागाळलेली असेल तर बाकीची मेहनत वाया. ती घरी करता येते. लाकडाचा किंवा पुट्टीचा केबिनच्या आकाराचा ठोकळा तासायचा. तो खऱ्या मापापेक्षा शीटच्या जाडीइतका लहान ठेवायचा, कारण शीट त्याच्यावर चढणार आहे. लाकडाचे रेषे काचेवर उमटतात, म्हणून प्रायमरचे थर देऊन ठोकळा आरशासारखा होईपर्यंत पॉलिश पेपरने घासायचा. मग पारदर्शक पीईटीजी किंवा ॲसिटेटची शीट लाकडी चौकटीत ताणून बसवायची, ओव्हनमध्ये ती मधोमध खाली झोळ धरेपर्यंत तापवायची आणि एका दमात ठोकळ्यावर दाबायची. पहिल्या खेपेला सुरकुत्या पडतात. शीट स्वस्त असते, पुन्हा करावे.

काच स्वच्छ झाली की आतले सगळे उघडे पडते. पुढे वैमानिक आणि त्याच्या शेजारची सीट, मागे तिघांची बैठक, मधोमध यंत्रांचा फलक. सीटचे पट्टे गोळ्यांच्या पाकिटाच्या ॲल्युमिनियमच्या फॉइलमधून कापता येतात. ती वाकवली तशी राहते. वैमानिकाच्या डाव्या हाताशी एक तरफ असते. ती वर ओढली की सगळी पाती एकाच वेळी जास्त तिरकी होतात आणि हेलिकॉप्टर वर चढते. दोन पायांच्या मध्ये दुसरी काठी, ती ज्या दिशेला झुकवावी तिकडे हेलिकॉप्टर जाते. पायाशी पेडल, मागच्या रोटरसाठी. या तिन्हींमधून मिळणाऱ्या आज्ञा पुढे कुठे जातात, ते रोटरच्या बुंध्याशी दिसते.

रोटरचा बुंधा

हेलिकॉप्टरच्या मॉडेलची खरी परीक्षा इथे होते. बुंध्याखाली एकावर एक दोन चकत्या असतात. खालची फिरत नाही, वरची रोटरबरोबर फिरते. वैमानिकाच्या हालचालीने खालची चकती वर-खाली होते किंवा कलते, तिच्याबरोबर वरची कलते, आणि वरच्या चकतीपासून निघालेले तीन बारीक दांडे तिन्ही पात्यांचा कोन बदलतात. हे तीन दांडे किटमध्ये बहुधा जाडजूड असतात किंवा नसतातच.

एक दांडा असा होतो. अर्ध्या मिलिमीटरची पितळी तार दीड सेंटिमीटर कापायची. टोक सपाट पकडीत दाबून चपटे करायचे, म्हणजे त्याची बारीक पट्टी होते. पट्टीच्या मधोमध सुईने खूण करायची, नाहीतर ड्रिल घसरते. मग हाताने फिरवायच्या ड्रिलमध्ये 0.3 मिलिमीटरचे पाते लावून, तेलाचा थेंब देऊन, दाब न देता भोक पाडायचे. भोकाभोवतीचे जास्तीचे पितळ कानशीने गोल करायचे. दुसरे टोक तसेच. मात्र ते चपटे करण्याआधी मधल्या भागावर बारीक नळीचा तुकडा सरकवला की लांबी कमी-जास्त करायच्या नटचा आभास होतो. असे तीन, तिन्ही एकाच लांबीचे. लांबीत फरक पडला तर तीन पाती तीन कोनांत उभी राहतात, आणि प्रत्यक्षात असे हेलिकॉप्टर जोरात थरथरेल.

पात्यांबाबत तीन गोष्टी सांभाळाव्यात. पहिली, दिशा. हा फ्रेंच रोटर वरून पाहिले असता घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतो, अमेरिकी हेलिकॉप्टरांचा त्याच्या उलट. म्हणून बुंध्याकडून टोकाकडे पाहताना पात्याची जाड, गोल कड उजवीकडे आली पाहिजे. ती डावीकडे लावलेली मॉडेले प्रदर्शनांतही दिसतात. दुसरी, बाक. उभ्या हेलिकॉप्टरची पाती स्वतःच्या वजनाने टोकाशी झुकतात. उडताना मात्र ती वर उचललेली असतात. जमिनीवर उभ्या मॉडेलला सरळसोट पाती लावली, तर नजरेला काहीतरी चुकल्यासारखे वाटते. तिसरी, या कुळातल्या हेलिकॉप्टरांची तीन पाती बुंध्याजवळ एकमेकांना केबलने जोडलेली असतात, त्यांच्यातले अंतर सारखे राहावे म्हणून. मॉडेलवर त्यासाठी सर्वांत बारीक तंगूस पुरतो. त्याला गडद करडा रंग दिला की केबल तयार.

या रोटरची ताकद 21 जून 1972 रोजी जगाला दिसली. फ्रेंच चाचणी वैमानिक ज्याँ बूले याने 'लामा' 12,442 मीटरपर्यंत चढवले. तिथे इंजिन बंद पडले आणि पुन्हा सुरू झाले नाही. खालून वर येणाऱ्या हवेच्या जोरावर रोटर फिरत राहिला आणि बूले सुखरूप उतरला.

किती बारकावे पुरे?

निरोगी डोळ्याला हातभर अंतरावरून साधारण 0.1 मिलिमीटरपर्यंतचा तपशील वेगळा ओळखता येतो. 1:48 मध्ये 0.1 मिलिमीटर म्हणजे खऱ्या यंत्रावरचे जवळजवळ 5 मिलिमीटर. त्याहून लहान गोष्ट प्रमाणशीर केली तर ती दिसणारच नाही, आणि दिसावी म्हणून मोठी केली तर खोटी वाटेल. पत्रे जोडणाऱ्या रिव्हेटच्या खिळ्यांच्या बाबतीत हेच होते. मॉडेलवर ठळक उमटवलेले खिळे पाहून लोक वाहवा करतात, पण त्या मापाचे खिळे खऱ्या हेलिकॉप्टरवर बोल्टाएवढे असते. डोळा आधी सावली पाहतो. दोन नळ्यांमधली फट, इंजिनाखालचा अंधार, दाराच्या कडेची पातळ रेघ या गोष्टी बरोबर असल्या, की उरलेले डोळा स्वतःच भरून घेतो. म्हणून वेळ खर्चायचा तो पातळपणावर आणि पोकळीवर.

हल्ली घरगुती रेझिन थ्री-डी प्रिंटर 0.05 मिलिमीटरच्या थरांत छपाई करतात. सीट, यंत्रांचा फलक, इंजिनाचे कंगोरे यांना हे उत्तम. तरी लांब आणि बारीक भागांत, म्हणजे शेपटाची जाळी किंवा पात्यांचे दांडे यांत, रेझिन वाकते आणि ठिसूळ पडते, तिथे पितळाला तोड नाही. शिवाय प्रिंटरला आकृती द्यावी लागते, आणि आकृती काढायची तर यंत्र आधी वाचावेच लागते. त्या मेहनतीला प्रिंटरमुळे सुट्टी मिळत नाही.

साहित्यासाठी परदेशी मालाची वाट पाहायचे कारण नाही. मोटर रिवाइंडिंगच्या दुकानात इनॅमल केलेली तांब्याची तार गेजप्रमाणे मिळते: 22 गेजची 0.71 मिलिमीटर, 26 ची 0.46, 30 ची 0.31. 1:48 मध्ये त्या अनुक्रमे 34, 22 आणि 15 मिलिमीटरच्या नळ्या होतात. इंधनाच्या आणि तेलाच्या सगळ्या नळ्या एवढ्यात भागतात. सोल्डरिंगची इस्त्री, फ्लक्स आणि बारीक ड्रिल मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत मिळून जाते. भरावाला एम-सील, चिकटवायला फेविक्विक. सोल्डर करताना खिडकी उघडी ठेवावी, रेझिन घासताना मास्क लावावा, आणि शिसे हाताळल्यावर हात धुतल्याशिवाय चहाला बसू नये.

यंत्र पाहायला महाराष्ट्र-गोव्यात जागा आहेत. नाशिकला गांधीनगरच्या धावपट्टीवर आर्मी एव्हिएशनचे प्रशिक्षण केंद्र असल्यामुळे तिथल्या लोकांना 'चीता' आणि 'चेतक' डोक्यावरून जाताना ओळखू येतात. अर्थात लष्करी तळाचे फोटो काढायचे नसतात. गोव्यात बोगमाळोला नौदलाचे हवाई संग्रहालय आहे. तिथे सी किंग आणि कामोव्ह ही निवृत्त हेलिकॉप्टरे उघड्यावर उभी आहेत. हेलिकॉप्टर कुठलेही असो, रोटरच्या बुंध्याखाली उभे राहून त्या चकत्या आणि ते दांडे एकदा नीट पाहावेत. पुस्तकातल्या दहा आकृत्यांनी होत नाही तेवढे त्याने होते.

नव्याने सुरुवात करणाऱ्याने पहिल्याच झटक्यात आख्खे हेलिकॉप्टर हाताने घडवायला जाऊ नये. घरात पडलेले कुठलेही किट घ्यावे, त्यातला सर्वांत जाड आणि ओबडधोबड भाग शोधावा आणि तेवढा एकच बदलावा. तो भाग खऱ्या यंत्रात काय काम करतो हे आधी एका ओळीत लिहून काढावे. ती ओळ लिहिता येत नसेल, तर कटर हातात घेऊ नये.